नॅस घ्यायचाय? मग आधी घरातलं काय गेलं तर परत मिळणार नाही ते बघा

हल्ली ओळखीतले बरेच जण विचारायलेत की घरी नॅस घ्यायचा तर कोणता घ्यावा, टू बे घ्यावा का फोर बे, सिनॉलॉजी बरा का क्यूनॅप बरा (या दोन्ही नॅस बनवणाऱ्या कंपन्या), किती टीबी टाकावं, आणि मी प्रत्येकाला आधी एकच उलटा प्रश्न विचारतो की त्याच्यात ठेवणार काय आहात. बहुतेक जण "सगळंच" म्हणतात. पण डबा कोणता, डिस्क किती, पैसे कुठं घालायचे आणि कुठं वाचवायचे, हे सगळं त्या एका प्रश्नावरनं ठरतं, म्हणून लेख थोडा लांबला तरी मी त्याच वाटेनं जाणार आहे.

ज्यांना नॅस म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो, त्याला स्क्रीन नाही कीबोर्ड नाही, आत हार्डडिस्क बसतात (एक डिस्क बसायची खाच म्हणजे एक बे), मागनं लॅनची वायर राउटरला लावायची आणि मग घरातले टीव्ही, मोबाईल, लॅपटॉप सगळे वाय-फायवरनं त्याच्यातलं बघू शकतात, त्याच्यात टाकू शकतात. पेनड्राइव्ह इकडून तिकडं न्यायची गरज नाही, आणि फोन भरला की फोटो आपोआप तिकडं जातील अशी सोय करता येते. अजून एक, घरातल्या घरात बघायला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला की झालं, नेट दोन दिवस बंद असलं तरी टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ लागतो.

आता मुख्य गोष्ट. घरातल्या मीडियाचे दोन ढीग करा. एका ढिगात ते, जे गेलं तर पैसे देऊन किंवा थोडी मेहनत करून परत मिळेल, म्हणजे विकत घेतलेल्या सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे वरनं कॉपी केलेले पिक्चर आणि गाणी. दुसऱ्या ढिगात ते, जे जगात दुसरीकडं कुठंच नाही. आजीचा आवाज, पोरांचे लहानपणीचे व्हिडिओ, गावच्या सप्ताहातली कीर्तनं, जुन्या लग्नाच्या कॅसेटी. गंमत अशी की पहिला ढीग साईजनं मोठा असतो आणि दुसरा लहान, त्यामुळं माणूस सगळा विचार पहिल्या ढिगाचा करतो आणि पैसे पण तिथंच घालतो.

दोन घरं सांगतो. सेलूचे एक काका आहेत, त्यांच्या वडिलांच्या म्हणजे आण्णांच्या भजनाच्या कॅसेटी होत्या त्या त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, शिवाय बरीच वर्षं सप्ताहात मोबाईलवर केलेली कीर्तनांची रेकॉर्डिंग, दोन्ही पोरींची लग्नं आणि फोटो. मला म्हणले, "अरे एवढं महागाचं मशीन घेऊन मी काय करू, मला फक्त आण्णांचा आवाज टिकायला पाहिजे." आणि लातूरचे एक सर आहेत, त्यांना चांगल्या प्रिंटचे पिक्चर जमवायचा नाद, कपाटभर ब्लू-रे, सगळं टीव्हीवर एका बटनावर पाहिजे. काकांचा सगळा माल एक टीबीत बसतो आणि त्यातलं काहीच परत मिळणारं नाही. सरांचा माल दहा टीबीच्या वर जातो आणि जवळजवळ सगळाच परत कॉपी करता येतो, वेळ लागेल पण येतो. दुकानात दोघांना एकच मॉडेल दाखवतील. पण दोघांची गरज पूर्ण वेगळी आहे.

साईजचा अंदाज कसा काढायचा ते बघू. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, डबल लेयर असली तर ८.५. त्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटी असायच्या हँडीकॅमच्या, त्यातला एक तास जसाच्या तसा उतरवला तर १३ जीबीच्या आसपास जातो. ब्लू-रे २५ किंवा ५० जीबी, ४के ची डिस्क तर १०० पर्यंत. मोबाईलवर ४के ला व्हिडिओ काढला तर नव्या एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, जुन्या एच.२६४ मध्ये त्याच्या दुप्पट, म्हणजे तासाला दहा ते वीस जीबी धरा. फोटो एक ४ एमबीचा धरला तर ५० हजार फोटो फक्त २०० जीबीत बसतात. आवाजाला तर जागाच लागत नाही, दोन तासांचं कीर्तन १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये सव्वाशे एमबीच्या आत येतं, त्यामुळं कॅसेटी उतरवताना जागेसाठी क्वालिटी कमी करू नका, फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेवा, त्याच्यात आवाजातलं काही कापलं जात नाही. जी बेरीज येईल तिच्या दुप्पट डिस्क घ्या, पुढच्या चार-पाच वर्षांचं बसतं. आणि ४ टीबीची डिस्क लावल्यावर ३.६ च दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजारच्या हिशेबानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढाच फरक आहे.

आता सगळ्यात जास्त गैरसमज जिथं आहे ते रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरायची पद्धत. टू बे नॅसमध्ये दोन ४ टीबीच्या डिस्क लावल्या आणि रेड १ केलं तर दोन्हीवर तेच लिहिलं जातं, जागा ४ टीबीच मिळते, एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं आणि नवी डिस्क लावली की परत जोडी तयार होते. फोर बेमध्ये रेड ५ केलं तर चारपैकी तीन डिस्कची जागा मिळते आणि एक मेलेली चालते. इथपर्यंत ठीक आहे, पण लोक याला बॅकअप समजतात. तो बॅकअप नाही. पोरानं चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरनं त्याच क्षणी जातो. वीज पडली, घरात पाणी शिरलं, डबाच चोरीला गेला, व्हायरस आला, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्यामुळं दोन्ही सोबतच जातात. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड भागात कितीतरी घरांत पाणी शिरलं, तिथं खाली ठेवलेल्या डब्यात एक डिस्क असो का चार, काय फरक पडणार होता.

बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवर, शक्यतो दुसऱ्या घरात असलेली कॉपी. साधा नियम सांगतात की तीन कॉप्या, दोन वेगळ्या उपकरणांवर, त्यातली एक घराबाहेर. नॅसमधली एक झाली, यूएसबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क नॅसला लावून दर आठवड्याला आपोआप कॉपी ती दुसरी, आणि तिसरी अजून एका एक्स्टर्नलवर भावाकडं किंवा लेकीकडं दुसऱ्या गावी, दिवाळीला जाताना न्यायची आणि नवीन भरून परत ठेवून यायची. हे फक्त दुसऱ्या ढिगासाठी करायचं, पिक्चरसाठी नाही, म्हणून महाग पडत नाही. काकांना मी हेच सांगितलं की तुम्ही एकच बे असलेला स्वस्तातला नॅस घेतला तरी चालेल, पण दोन एक्स्टर्नल डिस्क घ्याच. सरांना उलट सांगितलं की पिक्चरच्या बॅकअपवर पैसे घालू नका, फोर बे घ्या, रेड ५ करा, आणि घरचे फोटो तेवढे वेगळे काढून त्यांचा बॅकअप ठेवा. पैसे कमी असतील तर रेड सोडा आणि बॅकअप घ्या, उलटं कधीच करू नका. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

बॅकअपची डिस्क अशी ठेवा की ती कुठल्याही लॅपटॉपला लावली की साध्या फोल्डर-फाईली दिसल्या पाहिजेत. काही बॅकअप ॲप स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये बांधून ठेवतात, मग ते उघडायला परत तेच ॲप लागतं, आणि दहा वर्षांनी ते ॲप कुठं शोधणार आणि घरातलं कोण शोधणार.

चुकून डिलीट झालेल्यावर अजून एक उपाय म्हणजे स्नॅपशॉट, म्हणजे नॅस रोज रात्री सगळ्या फाईलींची त्या दिवशीची स्थिती लक्षात ठेवतो आणि आठ दिवसांपूर्वीचं परत काढता येतं. सिनॉलॉजीत याच्यासाठी बीटीआरएफएस नावाची फाईलसिस्टीम (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) लागते आणि सगळ्या मॉडेलला ती नसते, उदाहरणार्थ डीएस२२३जे ला नाही आणि डीएस२२३ ला आहे, बाहेरनं दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. परत न मिळणाऱ्या गोष्टी ठेवायच्या असतील तर मी इथं थोडे जास्त पैसे घालायला सांगेन.

आता डब्याच्या प्रोसेसरकडं येऊ, कारण मीडियासाठी नॅस म्हटलं की सगळा गोंधळ इथं होतो. व्हिडिओ टीव्हीवर जायचे दोन मार्ग आहेत. एक, नॅस फाईल जशी आहे तशी पाठवतो आणि टीव्ही स्वतः ती चालवतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात, याच्यात नॅसला कामच नाही, अगदी स्वस्तातला, मोबाईलमध्ये असतो तसला एआरएम प्रोसेसरवाला पण ४के पाठवू शकतो. दुसरा, टीव्हीला ती फाईल कळत नाही म्हणून नॅस चालता चालता ती बदलून पाठवतो, हे ट्रान्सकोडिंग, आणि याच्यात प्रोसेसरचा घाम निघतो. कधी लागतं हे? टीव्हीला तो फॉरमॅट चालत नसेल तेव्हा, आवाज डीटीएस नावाच्या फॉरमॅटमध्ये असेल आणि टीव्हीला डीटीएस येत नसेल (बऱ्याच टीव्हींना येत नाही), ब्लू-रेची चित्रातली सबटायटल लावली असतील, किंवा तुम्ही बाहेरगावी मोबाईलच्या नेटवर बघताय आणि मोठी फाईल बारीक करून पाठवायची आहे.

म्हणजे प्रश्न असा की ट्रान्सकोडिंग टाळता येतं का. नव्वद टक्के घरात येतं. टीव्हीचं स्वतःचं ॲप रडत असेल तर एक चांगला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स किंवा स्टिक लावा, त्याच्यावर कोडी, व्हीएलसी किंवा जेलीफिन टाका, ते जवळजवळ सगळं चालवतात आणि नॅसला त्रास देत नाहीत. चार-पाच हजाराच्या स्टिकनं जे काम होतं त्याच्यासाठी डब्यात वीस हजार जास्त घालायचे नाहीत.

आणि ज्यांना खरंच ट्रान्सकोडिंग लागणार आहे त्यांनी महाग म्हणजे चांगलं असं समजू नका. व्हिडिओ बदलायचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागाला करता आलं पाहिजे, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ते क्विक सिंक नावानं असतं, साध्या एन१०० मध्ये पण आहे. उलट सिनॉलॉजीचा डीएस९२३ प्लस घ्या, त्यातला एएमडी रायझन आर१६०० बाकी कामात तगडा आहे पण त्याच्यात ग्राफिक्सच नाही, त्यामुळं व्हिडिओ बदलायच्या कामात त्याच्यापेक्षा स्वस्त इंटेलवाला पुढं जातो. सॉफ्टवेअरचं पण बघा. पिक्चर मांडून टीव्हीला पाठवायचं प्लेक्स हे ॲप दिसायला सुंदर आहे पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी प्लेक्स पासचे पैसे लागतात, जेलीफिन पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे, थोडी जास्त खटपट करावी लागते. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर फार विसंबू नका, सिनॉलॉजीनं २०२४ मध्ये डीएसएम (त्यांच्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टीम) ७.२.२ आणताना व्हिडिओ स्टेशन हे स्वतःचंच ॲप काढून टाकलं, लोकांनी सगळी मांडणी त्याच्यात केलेली होती. फाईलींची नावं आणि फोल्डर नीट ठेवले तर ॲप बदललं तरी फरक पडत नाही.

डिस्क. डब्याइतकेच किंवा जास्त पैसे इथं जातात, आणि जायलाच पाहिजेत. हार्डडिस्क लिहायच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक सुटा असतो. एसएमआरमध्ये जागा वाचवायला ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळं मधलं एक बदलायचं तर शेजारची सगळी परत लिहावी लागतात आणि डिस्क एकदम मंद पडते. रेडमध्ये मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावल्यावर तासनतास सतत लिहिणं चालतं, तिथं एसएमआर डिस्क अडकते, कधी कधी नॅस तिला खराब समजून बाहेरच काढतो. २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडी म्हणजे वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' (Red) या नावानं विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर होत्या, त्यावर खूप बोंबाबोंब झाली, आता 'रेड प्लस' नावानं सीएमआर मिळतात. सीगेटच्या आयर्नवुल्फ पण सीएमआर. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साईटवर तो सीएमआर आहे का बघूनच पैसे द्या.

आपल्याकडं तालुक्याच्या गावाला हार्डडिस्क मिळायची खात्रीची जागा म्हणजे सीसीटीव्हीवाला, आणि त्याच्याकडं डब्ल्यूडी पर्पल किंवा स्कायहॉक असते. चालते का, तर चालते, पण ती कॅमेऱ्याचं सतत लिहिण्यासाठी बनवलेली असते, तेव्हा संभाजीनगर, नांदेड किंवा ऑनलाईन नॅसवाली मिळत असेल तर चार दिवस थांबा. वापरलेली डिस्क नवी म्हणून खपवायचे प्रकार पण होतात, म्हणून सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी कधीपासून चालू आहे ते बघा, आणि डिस्क लावल्यावर स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते) मधले पॉवर ऑन अवर्स म्हणजे ती किती तास चालली ते बघा, नव्या डिस्कला ते जवळजवळ शून्य पाहिजेत. दोन डिस्क घेताना एकाच खोक्यातल्या एकाच बॅचच्या शक्यतो नको, सोबत बनलेल्या सोबतच खराब व्हायची भीती असते.

आणि नॅस घ्यायच्या आधी त्याला कोणत्या डिस्क चालतात ती यादी बघा. सिनॉलॉजीनं २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेलला स्वतःच्याच किंवा मान्य केलेल्या डिस्क लागतील असं ठरवलं होतं, लोक चिडले, मग ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ सोबत ते मागं घेतलं. म्हणजे आज अडचण नाही, पण असं होऊ शकतं हे कळलं. मीडियासाठी एसएसडी किंवा एसएसडी कॅशवर पैसे घालू नका, पिक्चर एका सरळ ओळीत वाचला जातो, त्याला साधी हार्डडिस्क भरपूर झाली.

नेटवर्कचं थोडक्यात. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत का बघा (आठ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबी), केबल कंपनीनं फुकट दिलेल्या कितीतरी राउटरना १०० एमबीपीएसचेच असतात. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, एक टीबी अडीच तासात भरतं, १०० वाल्यावर त्यालाच पूर्ण दिवस लागतो. टीव्हीच्या मागचा लॅन पोर्ट बहुतेक १०० चाच असतो आणि ४के डिस्कचा वेग १२८ एमबीपीएस पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तिथं वायरपेक्षा जवळचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय चांगलं चालतं. पण जुन्या माळवदाच्या घरात दोन-दोन फुटी भिंती असतात, एक भिंत ओलांडली की ५ गिगाहर्ट्झ संपतं. तिथं राउटरपासून टीव्हीच्या खोलीपर्यंत एकदा कॅट ६ ची वायर ओढून घ्या आणि त्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट म्हणजे वाय-फाय देणारा डबा बसवा. नॅस मात्र कायम वायरवरच.

आता जे कंपनीच्या पुस्तकात एका ओळीत असतं आणि आपल्याला सगळ्यात जास्त लागू पडतं ते, ऊन आणि लाईट. घरगुती नॅसवर साधारण लिहिलेलं असतं की भोवतालचं तापमान ० ते ४० अंश. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेर ४२-४३ असतं आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत त्याहून जास्त, म्हणजे दुपारचे चार-पाच तास तुमचा डबा कंपनीच्या हद्दीच्या बाहेर चालतोय. डिस्क स्वतः ६०-६५ पर्यंत सहन करतात असं लिहिलेलं असतं, पण ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा आणि ५० च्या वर गेली तर काळजी करा. खालच्या मजल्यावर, आतल्या गार खोलीत ठेवा, जमिनीपासून वर, टीव्हीच्या शोकेसच्या बंद कप्प्यात अजिबात नको. कूलरच्या झोतात पण ठेवू नका. गार वाटलं तरी ती ओली हवा आहे आणि आपलं पाणी खारं, बोर्डावर क्षार बसतात. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसात घरात भुस्सा येतो, त्यानंतर एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा पंख्याची जाळी ब्लोअरनं साफ करा. नॅस महिन्यातनं एकदा सगळा डेटा वाचून तपासतो त्याला स्क्रबिंग म्हणतात, त्याची वेळ रात्रीची लावा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणी बघत नसेल तर सरळ वेळ लावून बंद ठेवा, सेटिंगमध्ये ती सोय असते.

लाईट जाणं हा डिस्कचा मोठा शत्रू आहे, विशेषतः लिहिणं चालू असताना गेली तर. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून लोक निश्चिंत असतात, पण साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बदलायला जेवढा क्षण घेतो तेवढ्यात नॅस रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटन असतं ते लावा, आणि तरीही नॅसला वेगळा छोटा यूपीएस घ्याच, ६०० व्हीए चा भरपूर झाला, कारण टू बे नॅस आणि राउटर मिळून तीसेक वॅटच घेतात. यूपीएस घेताना त्याला यूएसबीचा डेटा पोर्ट आहे का विचारा, त्या वायरीनं यूपीएस नॅसला कळवतो की बॅटरी संपत आली आणि नॅस स्वतः नीट बंद होतो. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसला हा पोर्ट नसतो. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हे नॅसचं काम नाही पण त्याच्यावाचून सगळं वाया. आणि अवकाळीत विजा कडकडायला लागल्या की प्लग काढा, तसंच नेटची तांब्याची वायर खांबावरनं येत असेल तर ती पण काढा, वीज त्या वायरीनं पण आत येते. लाईट बिलाची भीती नको, २० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट.

बाहेरगावाहून बघायचं असेल, म्हणजे पुण्याला असलेल्या पोराला घरचे व्हिडिओ बघायचे असतील, तर राउटरवर पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं दार उघडून नॅस थेट इंटरनेटवर टाकू नका. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात क्यूनॅपच्या कितीतरी नॅसवरच्या फाईली पासवर्ड लावून बंद केल्या आणि ०.०१ बिटकॉईन मागितले. त्याच वर्षी जूनमध्ये डब्ल्यूडीचे माय बुक लाईव्ह डबे लोकांच्या घरात बसल्या जागी रिकामे झाले, त्यांना २०१५ नंतर अपडेटच मिळालेलं नव्हतं. म्हणून सेकंडहँड जुना डबा स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना त्याला अजून अपडेट येतात का बघा. बाहेरून बघायला टेलस्केल नावाचं ॲप वापरा, घरगुती वापराला फुकट आहे, नॅसवर आणि पोराच्या मोबाईलवर टाकलं की दोघांच्यात एक बंद रस्ता तयार होतो, आणि मोबाईल कंपनीच्या घरगुती नेटवर जिथं स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही तिथं पण चालतं. ॲडमिन नावाचं खातं बंद करा, मोठा पासवर्ड ठेवा, आणि टीव्हीसाठी वेगळा यूजर करा ज्याला फक्त बघता येईल, डिलीट करता येणार नाही.

आता नॅस घ्यायलाच पाहिजे का, तर नाही. फक्त गाणी, कीर्तनं आणि फोटो असतील तर राउटरच्या यूएसबी पोर्टला एक डिस्क लावून पण सुरुवात होते, मंद असतं पण आवाजाला पुरतं. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्याच्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट नावाचं सॉफ्टवेअर टाकून तोच नॅस होतो, फुकट आहे, शिकायला लई चांगला, फक्त तो ५०-६० वॅट खातो म्हणजे महिन्याला चाळीस युनिट, आणि बिघडला तर तुम्हालाच बसावं लागतं. घरात हे करणारा एकच माणूस असेल आणि तो नोकरीला बाहेर असेल तर तयार डबाच घ्या. गुगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ ला संपली, आता १५ जीबीपुढं पैसे लागतात, त्याला पर्याय म्हणून सिनॉलॉजी फोटोज किंवा इमिच ही नॅसवर चालणारी ॲप चांगली आहेत, चेहऱ्यावरनं माणूस शोधतात, आणि फोटो घरातच राहतात.

डबा घरी आला की लगेच डेटा ओतू नका. आधी डिस्कची स्मार्टची एक्स्टेंडेड टेस्ट लावा, ४ टीबीला रात्रभर लागते, लागू द्या. नवीन डिस्क खराब निघायची असेल तर बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यातच निघते, तेव्हा वॉरंटीत बदलून मिळते. मग दुसरा ढीग आधी भरा, परत न मिळणारा, फोल्डरला वर्ष आणि प्रसंग अशी नावं द्या, २००४ मोठ्या ताईचं लग्न, असं, आणि घरातल्या अजून एका माणसाला पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय आणि कॉपी कुठल्या घरी आहे ते दाखवून ठेवा. काकांच्या घरी हे काम त्यांच्या धाकट्या लेकीकडं दिलंय, तिला कॉम्प्युटरची आवड आहे. भरून झालं की पाच-दहा फाईली उघडून शेवटपर्यंत चालतात का बघा, नुसती नावं दिसली म्हणून खूश होऊ नका, आणि ज्या जुन्या हार्डडिस्कवरनं, सीडीवरनं, कॅसेटीवरनं हे उतरवलं ते फेकू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका. ती जुनी डिस्क चालू असेपर्यंत तुमची एक जास्तीची कॉपी आहे, तिच्यावर तारीख लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिकाच्या पुडीसोबत बांधा आणि पुढच्या वेळी कोणी गावी चाललं की त्यांच्याकडं द्या.